गौराचा पाट

"ए बाय, जरा बसतेस का?"

आवाज आला तो थेट जमिनीतून. गौरा दचकली. डोक्यावर हिरड्यांची टोपली, पोशेऱ्यापासूनची चाल पायांत भरलेली, समोर जव्हारच्या वेशीपाशी उंबराच्या सावलीत चार चाकांवर उभा एक लाकडी सांगाडा... माणूस मात्र कुठंच नाही. मग सांगाड्याखालून आधी दोन पाय निघाले, मग भुशानं माखलेलं डोकं, आणि शेवटी कानामागे खडू खोचलेला एक उंच तरुण अंग झाडत उभा राहिला.

"मला म्हणतोस?"

"अठं दुसरं कोण हाय?"

"अन् काहाला बसू? जेवाय वाढतोस?"

"मापाला," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच लाजला. "म्हंजे... बाकाच्या मापाला. माणूस बसलं की किती जागा घेतं, ते बघायचं हाय."

मुंबईत विजेची ट्राम नुकती धावू लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. जव्हार संस्थानात वीज कुठली आणि तसली ट्राम कुठली! पण पोशेऱ्याच्या रानातला साग जव्हारला आणायला दरबारानं अरुंद रूळ टाकले होते. सपाटीला आणि चढाला बैल जुंपायचे. उताराला बैल सोडून द्यायचे आणि वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आपल्याच वजनानं खाली जायच्या. मागे बसलेल्या गड्यानं ब्रेकचा दांडा दाबून धरला तर ठीक, नाहीतर राम म्हणायचा. आता त्याच रुळांवर माणसांसाठीही एक डबा चालवायचं ठरलं होतं. टांगे आणि दमण्या करण्यात हयात घालवलेल्या नूरमोहम्मद मिस्त्रींना ते काम मिळालं, आणि त्यांच्या हाताखालचा गडी म्हणजे हा पुंजा. दरबारच्या साहेबाचा हुकूम एवढाच होता, की ब्रेकवाला धरून सोळा माणसं बसली पाहिजेत. सोळा माणसं कुणाच्या मापाची, हे हुकूम काढणाऱ्याला सुचलं नव्हतं. म्हणून पुंजा सकाळपासून येईल-जाईल त्याला फळीवर बसवत होता आणि दोन्ही अंगांना खडूच्या रेघा ओढत होता. नाक्यावरच्या शिपायाला एकट्यालाच दोघांची जागा लागली, तेव्हापासून तो चिंतेत होता.

गौरानं इकडेतिकडे पाहिलं. पाय दुखत होतेच. टोपली उतरवून ती फळीवर चढली आणि दोन्ही पाय वर घेऊन मस्त उकिडवी बसली.

पुंजाला हसू आवरेना. "अगं, पाय खाली सोड. बाक हाय तो."

"पाय खाली सोडून कोण बसतं? लोंबकळल्यासारखं वाटतं."

"बरं, बस तशीच." तो खडू घेऊन वाकला. रेघ तिच्या गुडघ्यापाशी आली आणि हात बोटभर अंतरावर थांबला. गौरानं वर पाहिलं, त्यानंही पाहिलं... आणि रेघ जरा वाकडी गेली.

"अन् माझी टोपली?" ती घाईघाईनं म्हणाली. "ती काय डोक्यावर घेऊन बसू?"

पुंजानं टोपलीकडे पाहिलं. मग त्यानं टोपली उचलून तिच्या शेजारी ठेवली, आणि पहिल्या रेघेच्या पलीकडे दुसरी ओढली. "दिसतेस एवढीशी, अन् जागा केवढी घेतेस!"

"माझी नाय, टोपलीची हाय ती."

"नाव काय तुझं?"

"गौरा. पोशेऱ्याची."

"पोशेऱ्याची कुणाची?"

ती उठली, लुगडं झटकलं, टोपली डोक्यावर घेतली. "वामनची होते," एवढंच म्हणाली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

होते. पुंजाच्या हातातला खडू तसाच राहिला. वामनची गोष्ट त्यालाही ठाऊक होती; त्या रस्त्यावर वावरणाऱ्या सगळ्यांनाच होती. दोन पावसाळ्यांपूर्वी खैराच्या उतारावर सागानं भरलेली बैलगाडी आवरली नाही, ती दरीत गेली, आणि तिच्याबरोबर गाडीवानही. आता त्याच उतारावरून हे रूळ गेले होते.

* * *

पुढच्या बाजाराच्या दिवशी गौराला उंबरापाशी तहान लागली. त्याच्या पुढच्याला पायात काटा मोडला. त्याच्याही पुढच्याला टोपलीची चुंबळ सैल झाली. उंबरापाशी पोचलं की तिला काही ना काही व्हायचंच, आणि पुंजाला नेमकं तेव्हाच डब्याखालून बाहेर यावं लागायचं. मोह फुलला होता, सगळ्या माळावर त्याचा गोड, जड वास भरलेला असायचा, आणि घरी परतताना तो वास आपल्या पदराला कसा काय लागतो, हे गौराला कळायचं नाही. कळत होतं, पण कळून घ्यायची भीती वाटत होती.

पुंजा मूळचा दाभोशाचा, तिच्याच जातीतला. आईबाप एकाच साथीत गेले तेव्हा मिस्त्रींनी त्याला कारखान्यात आणला, करवत हातात दिली आणि घरचं जेवू घातलं. बोलायला लागला की थांबायचा नाही आणि मध्येच एकदम गप्प व्हायचा, तेव्हा गौराला चुळबुळ व्हायची.

"सगळे बाक तुझ्या मापाचे केलेत," एकदा तो फळीवर हात फिरवत म्हणाला.

"माझ्या? त्या शिपायाचं काय?"

"शिपाई चालत जाईल." मग जरा थांबून, "ह्या डब्यात जो बसेल तो तुझ्या मापानं बसेल. टोपलीसकट."

गौरा हसली. "अन् ब्रेकवर कोण बसणार?"

"मी."

"तूच? दुसरं कुणी नाय?"

"ब्रेक मी केला, तर धरणार कोण? साहेब?"

गौरानं टोपली उचलली. त्या उतारानं एक नेला होता. आता दुसरा आपल्या पायांनी जाऊन त्याच उतारावर बसणार होता, आणि त्याला बस म्हणायचा किंवा बसू नको म्हणायचा तिला काय हक्क? ना नात्याची, ना गोत्याची. ह्या प्रश्नानं तिला रात्र रात्र झोप लागेना, आणि झोप का लागत नाही, हे शेजारी पडलेल्या सासूला सांगता येईना.

सासू म्हणजे बुधी. मुलगा गेल्यावर ह्या म्हातारीनं सुनेला माहेरी धाडलं नाही आणि सूनही गेली नाही. दोघी एकमेकींच्या आधारानं नाचणी पेरत, हिरडे वेचत राहिल्या. म्हातारीचे गुडघे गेले होते. जव्हारचा बाजार तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ट्रामचा डबा होतोय हे कळल्यापासून मात्र ती रोज एकदा विचारायची, "झाला का गं तो डबा? म्हातारीला बसू देतील ना?"

* * *

घोटाळा झाला तो एका शब्दानं.

मिस्त्रींच्या कारखान्यात बाकाच्या फळीला पाट म्हणत. पाट तासायचा, पाट घासायचा, पाट लावायचा, दिवसभर हेच. पोशेऱ्यात मात्र पाट म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे फळी येत नसे. पहिलं ते लग्न, आणि नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लागतं तो पाट. अमकीचा पाट लागला म्हणजे तिनं नवं घर केलं, नव्या माणसाच्या नावाचं कुंकू लावलं. हा अर्थ पुंजालाही ठाऊक होता. पण बारा वर्षं ज्या तोंडानं फळीला पाट म्हटलं, ते तोंड ऐन वेळी दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी गौराबरोबर पोशेऱ्याच्या सगळ्या बाया होत्या. लांबून ती दिसली मात्र, पुंजा डब्यावर उभा राहिला, दोन्ही हात वर केले आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल असा ओरडला,

"गौरे! तुझा पाट लावला गं! सगळ्यांच्या आधी तुझाच लावला!"

मग रुपी, गौराची शेजारीण आणि तोंडाची भलती फटकळ, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं बाय! आमाला जेवण नाय, आवतण नाय, अन् पाट लागलाबी?"

आणि बाया जे हसत सुटल्या! एकीची टोपली कलंडली, हिरडे वाटभर झाले. पुंजाच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं जीभ चावली, हातातली हातोडी पाठीमागे लपवली, जणू सगळा गुन्हा तिचाच होता. गौराचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. हसण्यावारी न्यावं हे तिला सुचलंच नाही.

"माझा पाट लावणारा तू कोण रे?" ती ताडकन म्हणाली. "कोण तू माझा?"

हसणं थांबलं. पुंजाचा चेहरा उतरला. "कुणी नाय," तो हळूच म्हणाला आणि खाली उतरून डब्याखाली गेला.

गौरा बाजारात गेली, हिरडे विकले, मीठ घेतलं, मिरच्या विसरली. सगळ्या वाटेनं एकच गोष्ट तिला टोचत राहिली. त्यानं फळीच म्हटलं असेल... फळीच! मग आपल्याला राग कशाचा आला? त्यानं तसलं काही म्हटलं म्हणून, की त्यानं फक्त फळीच म्हटलं म्हणून? आणि हे विचारायचं कसं? कुठला पाट म्हणालास रे तू, असं कुठली बाई जाऊन विचारते?

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. बुधी चुलीपुढे बसली होती. "आलीस?" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण म्हातारी त्या गोष्टीबद्दल चकार शब्द बोलली नाही. गौराचा जीव त्या गप्पपणानं अधिकच घाबरा झाला. आपण गेलो तर हिचं कोण? आणि हिला तशी भीती वाटत असेल, तर तोंड वर करून बोलायचं कसं?

नंतरच्या बाजारांना उंबरापाशी फक्त ठोकाठोकी ऐकू आली. तिची चाहूल लागली की ती ठोकाठोकी जास्तच जोरात व्हायची. शेवटी एकदा नूरमोहम्मद मिस्त्रींनीच तिला हाक मारली. पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, तोंडात पान.

"बेटी, त्याच्या हाताला खोट नाय. जिभेला हाय, ती मला बी ठाऊक."

गौरा जमिनीकडे बघत उभी राहिली.

"परवाच्याला डब्याची परीक्षा हाय. वर तुमच्या पोशेऱ्याच्या डेपोपासून सोळा माणसं बसवून खैराच्या उतारानं खाली आणायची, अन् पुलापाशी थांबवायची. साहेब म्हणतो, वाळूची पोती नकोत. पोतं घाबरून उभं ऱ्हात नाय, माणूस ऱ्हातं. सोळाच्या सोळा जागा भरून डबा नीट उतरला तर चालू. एक जरी जागा रिकामी राह्यली तर म्हणतो, लोकांनाच नको हाय डबा. मंग फक्त लाकडं." मिस्त्रींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "अन् डबा नाय तर पुंजाला अठं काम नाय. मुंबईला ट्रामच्या कारखान्यात माणसं घेतात. जातो म्हणतो. मी कशाला अडवू?"

डब्याखालची ठोकाठोकी थांबली होती. गौराला विचारायचं होतं, तो खरंच जातो म्हणाला? पण ती नुसतीच "बरं" म्हणाली आणि निघाली. चार पावलांवर तिला वाटलं मागं वळावं... ती वळली नाही.

* * *

परीक्षेच्या दिवशी पोशेऱ्याच्या डेपोत सगळा गाव लोटला, पण बघायला. बसायला नव्हे.

डबा मोठा देखणा झाला होता. दोन्ही अंगांनी उघडा, बाजूच्या पायरीवरून सरळ बाकावर चढायचं. एकामागे एक आठ बाक, एका बाकावर दोघं. शेवटच्या बाकावर उजवीकडे ब्रेकचा दांडा आणि पुंजा. डब्याच्या अंगावर मिस्त्रींनी पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, "बसणार १६". साहेब आणि मिस्त्री खाली पुलापाशी उभे होते, डबा थांबतो की नाही ते पाहायला. वर होता तो डेपोचा राखणदार माघ्या. डबा घरंगळू नये म्हणून चाकांखाली लाकडी उटी लावलेली होती आणि सगळे बसले की त्यानं ती काढायची होती.

सुरुवात बरी झाली. बुधी सगळ्यांत आधी चढली, गौराच्या खांद्यावर भार देऊन. दुसऱ्या बाकावर ऐसपैस बसून तिनं फळीवर हात फिरवला. "गुळगुळीत हाय गं," म्हणाली. गौरा तिच्या शेजारी बसली. मागं वळून बघायचं नाही, असं तिनं घरूनच ठरवून आणलं होतं.

मग नवराबायकोची जोडपी आली, दोघं भाऊ आले, माय-लेकी आल्या. बाक भरत गेले. आणि शेवटची एक जागा राहिली, पुंजाच्या शेजारची.

"चला, एक जण!" माघ्या ओरडला. "एकच हवा!"

कुणी हलेना. गडीमाणसं बहुतेक रानात साग तोडायला गेलेली. होती तेवढी आधीच बाकांवर बसलेली. त्यातल्या एकाला माघ्यानं म्हटलं, तू मागं सरक, तुझ्या बायकोपाशी दुसरी बाई बसेल. तो म्हणाला, "बायकोला एकटी सोडून कसा जाऊ?" आणि बायकोचा हात घट्ट धरला. एरवी बाजारात तिला चार शेतं मागं ठेवून चालणारा माणूस! खरी गोष्ट अशी, की उतारावरच्या वळणाला ती शेवटची जागा अगदी दरीवर लोंबते, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि वामनची गाडी तिथूनच गेली हे कुणी विसरलं नव्हतं.

बघे उभे होते त्यात बायाच जास्त. त्यांना डब्यात बसायची हौस होती, पण पुंजाशेजारी? एका पाटावर? त्या दिवशीचा शब्द सगळ्या पाड्यांवर फिरून आला होता. "मी बसले तर आमचा घरवाला मला घरात घेल का?" रुपी म्हणाली, आणि पुन्हा खसखस पिकली. गड्यांना दरीची भीती, बायांना पाटाची. जागा रिकामीच.

"मंग खाली निरोप धाडू का, नाय भरला म्हणून?" माघ्या वैतागला.

तेव्हा गौरानं बाहेर वाकून मागं पाहिलं. पुंजा दांड्यावर हात ठेवून बसला होता. तो कुणालाच बोलावत नव्हता. शेजारच्या रिकाम्या फळीकडे बघत होता, आणि त्या फळीवर, कडेला, खडूची एक पुसट रेघ अजून होती. वाकडी. गुडघ्यापाशी आल्यावर वाकडी झालेली.

त्यानं ती रेघ तासून काढली नव्हती. सगळ्या डब्यात तेवढी एकच फळी त्यानं न तासता तशीच ठेवली होती आणि ती आपल्याशेजारी लावली होती.

खाली दरी, वर सगळा गाव, शेजारी सासू. आता आपण बसून राहिलो तर डबा गेला, आणि हा मुंबईला गेला. आणि उठलो तर... उठलो तर परत बसायला ही जागा नाही. ती उभी राहिली. तिनं बुधीकडे पाहिलं आणि तिला एकदम रडूच आलं. "आत्या..."

म्हातारीनं सुनेचा हात धरून ठेवला होता. तो तिनं जरा दाबला. मग सोडला.

"ये गं रुपी," ती मोठ्यानं म्हणाली. तिचा आवाज किंचित कापला, पण शब्द सगळ्या डेपोत ऐकू गेले. "बस माझ्यापाशी. अठली जागा रिकामी झाली."

गौरा पायरीवरून मागं गेली. कुणी हसलं नाही. ती शेवटच्या बाकावर चढली आणि खडूच्या रेघेच्या आत, पाय वर घेऊन, उकिडवी बसली.

माघ्यानं उटी काढली.

* * *

आधी डबा नुसता कुरकुरला. मग हलला, मग झाडं मागं सरकायला लागली, हळू, जरा जोरात, आणि एकाएकी फार जोरात. पुढून कुणीतरी देवाचं नाव घेतलं. पुंजानं दांडा ओढला. चाकांवर लाकडी ठोकळे घासले, जळक्या लाकडाचा वास आला. वेग कमी होईना. समोर वळण दिसत होतं, तिथं झाडं संपत होती आणि पलीकडे नुसतं आभाळ होतं.

गौराला वामनची टोपी आठवली. तेवढीच सापडली होती.

पुढच्या बाकावरची बाई किंचाळून उठली. तिच्यामागे दुसरी उठली. डबा एका अंगाला कलला. "बसा!" पुंजा ओरडला, पण चाकांच्या आवाजात त्याचं कुणी ऐकेना. तेव्हा गौरा ओरडली, "बसा गं! कुणी उठू नका! रुपे, खाली बस! फळी धरा अन् बसा!" रानात एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराला हाक घालणारा तो आवाज ऐकून सगळ्या जागच्या जागी बसल्या. डबा सरळ झाला.

"दांड्याला हात लाव," पुंजा दातांवर दात दाबून म्हणाला. "माझ्या हातावर नको, खाली. हां. आता ओढ."

तिनं पाय खाली सोडले, पुढच्या बाकाला टाच लावली आणि दोन्ही हातांनी ओढलं. पायाखाली दरी सरकून गेली. ठोकळे करकरले, डबा थरथरला... आणि वळण मागं पडलं. वेग उतरत गेला. पुढं कुणीतरी रडता रडता हसायला लागलं.

पुंजाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो समोरच बघत होता. "भ्यायलीस?"

"लई." मग, आता नाही विचारलं तर कधीच नाही असं वाटून, तिनं एका दमात विचारलं, "त्या दिवशी तुझी जीभ चुकली होती का रे?"

पूल दिसायला लागला होता.

"जीभ नाय चुकली," तो म्हणाला. "जागा चुकली. सगळ्यांच्या समोर, वाटेवर... तसं नको होतं. ते तुला एकटीला विचारायचं होतं. रोज विचारायचं ठरवत होतो अन् रोज डब्याखाली जात होतो."

"अन् मुंबई?"

"तू कुणी नाय म्हटलंस. मंग अठं राहून काय करू?"

"मी विचारलं होतं कोण म्हणून. तूच म्हणालास कुणी नाय."

पुंजानं पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. दांडा त्याच्या हातातून निसटता निसटता राहिला.

"पुढं बघ!" गौरा ओरडली. मग हळूच, "माझी म्हातारी एकटी पडेल. तिला सोडून मी येणार नाय."

"तिला कोण सोडतंय? दाराशी ओटा करू. त्याच्यावर तिचा बी पाट लावू."

"हे मोठ्यानं बोलू नको!" गौरानं त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि तसाच ठेवून ती इतकी हसली, की डोळ्यांतलं पाणी कधीचं आणि कशाचं तेच तिला कळेना.

डबा पुलाच्या अलीकडे, मिस्त्रींनी खुंटी ठोकली होती तिथं, एक झटका देऊन थांबला. धूळ बसली. मिस्त्री डाव्या हातानं दाढी कुरवाळत चाकं बघायला वाकले. साहेब पुढं आले. कोट बंद गळ्याचा, चेहरा कडक. पण मघापासून त्यांचाही श्वास अडकला असावा, कारण आवाज जरा मऊ निघाला.

"सगळे नीट? भरला होता ना पुरा? सोळा बसले?"

बुधी रुपीच्या आधारानं पायरीवरून उतरत होती. एक पाय जमिनीला टेकला, मग दुसरा. तिनं मागं वळून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. दांडा केव्हाच सैल झाला होता, तरी त्यावर चार हात होते.

"सोळा नाय, साहेब," म्हातारी म्हणाली. "चवदा माणसं बसली. अन् एक जोडा."